अळणी

रात्री पावणेतीनला नळी आली, अजून कोमट.
फिरवून काढली तर वर पिवळं नितळ पाणी नाही,
दूध. साय धरेल असं.

यंत्राला दूध कळत नाही.
त्याने आपले आकडे टाकले:
सोडियम एकशे अठरा.
म्हणजे मातिस गोद्रो, वय बावीस,
आतून अळणी होत चाललाय,
कुठल्याही क्षणी झटके.
हिमोग्लोबिन एकवीस.
म्हणजे तोच मातिस रक्ताने तुडुंब.
सोलांजने चष्मा कपाळावर चढवला.

बाहेर शिकुतिमीत मार्चचं बर्फ.
गाडीचे दिवे त्यात शिरतात
आणि पांढरे होऊन आपल्याच डोळ्यांवर येतात.
यंत्राचा दिवाही असाच शिरला असणार,
चरबीच्या कणांवर फुटला,
आणि जो उजेड पलीकडे पोचला नाही
तो सगळा त्याने रक्ताच्या खात्यावर मांडला.

फोन. डॉक्टर बेरुबे, नवी, घाईत:
"तीन टक्क्यांचं सलाइन लावतेय."
"थांबा."
"एकशे अठरा आहे, सोलांज!"
"मीठ कुठे गेलेलं नाही.
पेला भरून मोजला, पण पेल्यात चरबी बसलीय.
असा समुद्र मोजला तरी कमीच खारट निघेल."

पलीकडून नुसता श्वास.

दुसरी नळी घेऊन ती स्वतः जिना चढली.
अतिदक्षता विभागातलं ते छोटं यंत्र
रक्तात पाणी मिसळत नाही,
आहे तसं चाखून बघतं.
एकशे सदतीस.

मीठ जागेवर होतं.
पोटातली कळ मात्र खरी होती,
गुडघे छातीशी घेऊन पोरगा भिंतीकडे तोंड करून पडलेला.
आणि स्वादुपिंड पेटलं की जो आकडा ओरडायला हवा
तो या दुधात बुडून
शहाण्यासारखा हद्दीत बसला होता.

खाली येऊन तिने नमुना जोरात फिरवायला लावला.
वर लोण्याचा गोळा जमला, खाली थोडंसं खरं.
या नदीकाठी वंशावळ उघडली
की फिरून फिरून तीच आडनावं.
सोलांजची आईही गोद्रोंकडचीच.
तिने स्वतःचं रक्त कधी तपासलेलं नाही.

अहवालावर लिहिलं: नमुना दुधाळ,
पहिले आकडे धरू नयेत.

सहाला बेरुबे खाली आली, दोन कॉफ्या घेऊन.
म्हणाली, मेपलच्या खोपटात जेवायला गेला होता.
तळलेल्या चरबीच्या दोनच चकत्या खाल्ल्या म्हणतो.

दोनच, सोलांज म्हणाली.
हाही परत मोजायला हवा.