टोक

असोळण्याच्या तिठ्यावर, धक्क्याकडे वळताना आमचं दुकान.
भिंतीभर खिळे, खिळ्यांना उलटी टांगलेली
लाकडी पावलं, कलबुतं,
आणि टाचेवर बाबाच्या पेन्सिलीनं नावं.
घोट्याच्या वर कोणीच नाही.

गाव मला आधी टोकांनी कळलं.
पाद्रबाबाचं गोल, भट्टीतून आत्ता काढलेल्या उंड्यासारखं.
रेजिस्त्रातला गास्पार चौकोनी;
चालतानाही शिक्का मारतोय असं वाटायचं.
तारवटी मिंगेलचे बूट आमचे नव्हतेच,
तो जहाजावरून आणायचा, फक्त टाच ठोकून घ्यायला.
पुढं पोलादी वाटी. मी हातोडीनं वाजवून बघायचो,
आतून परक्या बंदराचा आवाज यायचा.
डॉक्टरीणबाईंचं बदामी टोक,
बाबा म्हणायचा, हे शहाण्या माणसाचं.

अणकुचीदार मात्र एकाचंच.
कायतान. लग्नांत कार्नेट वाजवायचा,
मयतांतही तोच, फक्त सावकाश.
बूट काळे, आरशासारखे,
टोक असं, की दारात तो यायच्या आधी
दोन बोटं त्याची ऐट आत यायची.
त्याच टोकानं ताल धरायचा.
घरी जाताना बूट हातात,
हे मी पाहिलंय, बांधावरून,
अनवाणी, करंगळ्या चोळत.

तो गेला त्या संध्याकाळी एस्पेरांस आली.
मापाचा कागद नव्हता आणायचा तिला.
हातात तेच बूट, वर्तमानपत्रात.
पाय सुजले होते. जात नव्हते.
"मेस्ता, ताका हे सदांच चाबताले.
आतां तरी चाबूंक फावना."
आणि जरा थांबून,
पण टोक तसंच राहू दे,
लोक बघायला येणार.

बाबानं दिवा खाली ओढला.
पेटीत माणसाची फक्त टोकं दिसतात, म्हणाला,
मागून कोण बघतंय.
टाचेची शिवण उसवली,
तळ चिरला,
आतलं अस्तर काढलं, मऊ कातडं घातलं
(डॉक्टरीणबाईंच्या चपलांसाठी ठेवलेलं).
मग पुढच्या निमुळत्या जागेत बोट घालून
कितीतरी वेळ तसाच बसला.
इथं कधीच काही नव्हतं, म्हणाला.
बोटं इथवर पोचतच नाहीत.
ही जागा रिकामीच शिवतो आपण.

पॉलिश मी केलं.
बाबा स्वतः गेला ते घालायला.
आयुष्यभर उंबऱ्याशी उभा राहणारा माणूस,
त्या दिवशी कोणी अडवलं नाही.
कार्नेट वाजवायला चिंचणीहून कोणी पोरगा आला होता,
ताल चुकत होता,
पायात कॅनव्हासचे बूट.

कलबूत अजून आहे. नाव पुसट.
बाबाचं स्वतःचं नाही, त्याच्या पायात सदा सपाता,
पुढून उघड्या,
पाची बोटं पाच दिशांना.

परवा एक मुलगी आली, मडगावच्या कॉलेजातली.
मोबाइलवर चित्र दाखवलं:
अस्सं टोक हवं.
मी म्हटलं, चावतील.
ती म्हणाली, माहितेय.

मी कागद अंथरला,
तिनं मोजा काढला,
आणि करंगळीशी पेन्सिल जरा
बाहेरून फिरवली.