फेस

ताक्ना गावात माझा बार आहे, स्टेशनाच्या मागे.
इथून अरिका तासाभरावर. मध्ये वाळवंट,
आणि वाळवंटात एक खोली, जिथे चिलीचा शिपाई
पिशव्यांत हात घालून लिंबं शोधतो.
लिंबू पलीकडे नेता येत नाही. अंडंही नाही.
माणूस नेता येतो.

असा दर गुरुवारी अरिकाहून येतो आन्सेल्मो ओयार्सून,
टॅक्सीवाला, साठी उलटलेला,
आणि फेर्मिन लारिकोला खेटून बसतो. भांडायला.

फेर्मिनच्या पिस्को सावरमध्ये अंड्याचं पांढरं,
खांदा भरून येईतो हलवलेलं,
वर बोटभर फेस.
आन्सेल्मोला फेस नको. साखर, लिंबू, पिस्को, बस्स.
लिंबं पिकाच्या मळ्यातली हवीत म्हणतो;
मिळतात इथली.
"पेल्यात कोंबडीचं काय काम?"
"आणि तुझं हे बोडकं पेय," फेर्मिन म्हणतो,
"चारचौघांत आणवतं कसं?"

मग इतिहास निघतो.
फेर्मिनच्या इतिहासात लिमा आहे, एक परदेशी बारवाला,
व्हिस्कीच्या जागी हाताशी आलेली द्राक्षाची दारू,
आणि पुढे अंडं फोडणारा कुणीतरी,
ज्याचं नाव दर गुरुवारी बदलतं.
आन्सेल्मोच्या इतिहासात जहाज आहे, इकिके बंदर,
किनाऱ्यावर उतरून तिथलं लिंबू चाखणारा खानसामा.
"आणि तेव्हा इकिके कुणाचं होतं?"
इथे आन्सेल्मोला खोकला येतो.

मी मध्ये पडत नाही.
माझ्या पणज्याने घर न बदलता
दोनदा देश बदलला.

पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं येतात,
पॅशनफ्रूटचा मागतात, कोकाची पानं मुरवलेला मागतात.
एकीने आंब्याचा मागितला.
केला. पैसे दिले तिने.
म्हातारे दोघे तेवढा वेळ एका देशाचे झाले.

आन्सेल्मोने एकदा स्वतःची बाटली आणून ठेवली होती.
पलीकडे ती पिस्को; अलीकडे नुसती दारू.
नाव सीमेवर काढून घेतात, लिंबासारखं.
ती बाटली संपून दोन वर्षं झाली.
तेव्हापासून दोघांनाही मी
इकाच्या खोऱ्यातली एकच ओतते.

गेल्या गुरुवारी घोट घेऊन आन्सेल्मोने डोळे मिटले.
"ही आमची. आमच्या खोऱ्यातलं ऊन कळतं जिभेला."
फेर्मिनने पेला ओढून वास घेतला.
"कळतं तर. तिथेच बिघडलंय."
मी फडक्याने काउंटर पुसलं. पुसलेलंच होतं.

शेवटी फेसावर कडूचे तीन थेंब.
त्या बाटलीवर तिसऱ्याच देशाचं नाव,
तिच्यावरून आजवर कुणी भांडलेलं नाही.
आन्सेल्मोकडे थेंब टाकत नाहीत, रीत नाही.
पण फेर्मिनला तीन आणि आपल्याला एकही नाही,
हे त्याला चालत नाही.
म्हणून त्यालाही टाकते.
फेस नसल्याने ते लगेच बुडतात.
तो वाकून मोजतो.