उष्टी यादी

फेब्रुवारी. पार्नू. खिडकीबाहेर उणे सतरा.
बोटीच्या कचेरीत हेल्वे नावाच्या बाईंचं पत्र:
"मी एकटीच जाते बेटावर, भावाकडे.
तिकिटाच्या पानावर मात्र माझ्या नावाच्या वर
दोन मुलं आहेत, कुणी एक उर्मास, आणि कुत्रा.
कुत्र्याचे पैसे मी भरणार नाही.
पण तो पोचला का, तेवढं कळवा."

मी हसले. मग हसू विरलं.
ती यादी माझीच होती,
चार वर्षांपूर्वी याच बोटांनी लिहिलेली,
क्लासच्या अगदी माथ्यावर, एका ओळीत:
प्रवासी म्हणजे नवी यादी.
नवी! किती भरवशानं टाइप केला होता तो शब्द.

नवी ती एकदाच असते,
पान जन्मतं तेव्हा.
सटवाईसारखी ती ओळ येते,
कपाळावर लिहिते, निघून जाते.
पान मात्र मरत नाही.
एकाचं काम झालं की फडताळात,
फडताळातून दुसऱ्याच्या हातात.

फ्रेमवर्कला बोल लावू नये. ते इमानी आहे.
दर फेरीनंतर जे होतं ते जागच्या जागी ठेवतं:
शून्याच्या जागी शून्य, नाहीच्या जागी नाही,
आणि यादीच्या जागी यादी.
तीच यादी.
आत कोण बसून राहिलंय
ते वाकून बघणं त्याच्याकडे नाही.
ताट पुन्हा मांडलं खरं. घासलं कुणी?

तार्मो म्हणाला, "टेस्टमध्ये तर चाललं होतं."
चालणारच.
त्या पंगतीत मी एकटी,
आणि सर्व्हर दर वेळी नुकताच उठलेला.
पहिल्या पाहुण्याला उष्टं कुठून मिळणार?

ओळ उचलली. खाली नेली,
पान रंगू लागण्याआधीच्या उंबऱ्यावर,
जिथे दर पाहुण्याचं पाऊल पडतंच.
माथ्यावर उरलं नुसतं नाव,
पुढे बरोबरचं चिन्हसुद्धा नाही.

दुपारी फोन: फॉर्म पाठवला की पान कोसळतं.
हो की. फॉर्म मागच्या दारानं येतो,
त्याला हा उंबरा लागतच नाही.
यादीच्या जागी तिथे यादीच नव्हती,
नुसती पोकळी, आणि पोकळीत नाव लिहिता येत नाही.
मग त्या दारातही एक ताट मांडलं,
कोरं, दर वेळचं वेगळं.
कॉफी तोवर गार, बंदरावर दिवे लागलेले.

हेल्वेबाईंना कळवलं: तुमचं पान आता तुमचंच.
दुसऱ्यांचा प्रवास सांगायची मला मुभा नव्हती.

रात्री उत्तर आलं:
"पाहिलं. एकच नाव आहे, माझं.
बरोबर आहे. जरा रिकामं वाटतं.
कुत्र्याचं काय झालं
ते तुम्ही सांगितलंच नाहीत."