बस धुण्याचा वार

बुधवारी साडेनऊला आधी सेंट ब्रोनाची मुलं,
मग पूल ओलांडून हिल स्ट्रीटची.
हिरवे कोट डावीकडे, मरून उजवीकडे.
मी काही सांगितलेलं नाही,
तशीच बसतात.

माझ्या लहानपणी या पुलावर शिपाई असत,
वाळूची पोती असत,
आणि खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघायला
उत्तर आयर्लंडात कुणालाच सवड नव्हती.

आता दोन्ही शाळांत मिळून एक जाळी आहे.
अर्धे पैसे यांचे, अर्धे त्यांचे.
शनिवार-रविवार ती कुणाच्या कपाटात राहणार
यावर मुख्याध्यापिकांची तीन पत्रं झाली.
शेवटी माझ्या बसमध्ये, मागच्या सीटखाली ठेवली.
तिथे तिला कुठलाच धर्म लागत नाही,
फक्त डिझेलचा वास लागतो.

मुलं गमबूट घालून नदीत उतरतात,
तळाचे दगड पायांनी ढवळतात
तीन मिनिटं, घड्याळ लावून.
मग जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये.
हलतंय ते मोज, म्हणते डेर्व्हला.
तीन शेपट्यांचं मेफ्लायचं पिल्लू दिसलं
की पाणी चांगलं.
नुसत्या जळवा आणि लाल किडे, की नाही.
एवढं मलाही कळायला लागलं
बसच्या पायरीवर सँडविच खाता खाता.

सप्टेंबरात हिशेब लागेना.
वरच्या अंगाला, सेंट ब्रोनाच्या मागे: एकेचाळीस.
खालच्या अंगाला, हिल स्ट्रीटपाशी: शून्य.
दोन आठवडे नुसती भांडणं,
तुमची घाण, नाही, तुमचीच,
आजोबांचे शब्द, आवाज तेवढे नवे.
मग आयव्हन मॅकिल्वीन,
जो वर्षभरात माझ्याशी फक्त दाराबद्दल बोललाय,
म्हणाला, निम्मं करू या.
मधोमध जाऊन मोजायचं.
पिल्लं सापडली तर खाली सरकायचं, नाही सापडली तर वर.

बुधवारामागून बुधवार
हिरवे खाली उतरत आले, मरून वर चढत,
आणि मला पुढचं वळण दिसू लागलं.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात.
माझ्या मनात नळ होता.
डेपोच्या आवारातला, पिवळ्या पाइपचा,
ज्याने मी एकवीस वर्षं दर शनिवारी बस धुतली.
साबणाचे दोन डबे, चाकांना वेगळा ब्रश.
तेल, फेस, सगळं कोपऱ्यातल्या जाळीतून
खाली जायचं.
खाली म्हणजे कुठे, हे कधी विचारलं नाही.
खाली म्हणजे खाली.

नोव्हेंबरात दोन्ही रंग एका झुडपाशी भेटले.
मध्ये बारा पावलं,
आणि त्या बारा पावलांत सिमेंटचं एक तोंड,
ओठाशी राखाडी फेस.

"बर्टी, ते वरचं आवार कुणाचं?"
आयव्हनने विचारलं.
डेर्व्हला पेन उघडून बसली होती,
पत्र लिहायचं होतं, दोन्ही शाळांच्या सहीचं.

कंपनीचं, म्हटलं. पण नळ माझ्या हातात असतो.
लिही. आडनावात एल दोन आहेत.

कुणी काही बोललं नाही.
डेर्व्हलाने टोपण लावलं, पुन्हा काढलं,
मग लिहिलं.
एल दोन.

कंपनी म्हणते, गाळणीची टाकी वसंतात बसवू.
बघू.
तोवर मी बस धुतलेली नाही.
साहेब रागावतात. पुलावर लोक हसतात.
मागच्या काचेवर चिखलाचा थर इतका जाड
की मुलं आता त्यावरच बोटाने आकडा लिहितात,
पाइपाच्या खालच्या अंगाचा, दर बुधवारी.
०
०
पुन्हा ०
आणि काल, ३.

तीनचं पोट जरा वाकडं आलंय.
हिरव्या बाहीने लिहिलं की मरून,
ओळखू येत नाही.

बस रात्री उघड्यावर उभी असते
आणि पाऊस इथे विचारून येत नाही.
म्हणून काल रात्री, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
आत लावली,
छपराखाली.