अस्तर

दहा शिलिंगला कागदाच्या पुडीत चार दगड मिळतात
किसुमूच्या किबुये बाजारात, कांद्यांच्या ढिगाशेजारी.
ओडोवा म्हणतात त्यांना.
पिवळट, ठिसूळ, दाताखाली कुरकुरून विरघळणारे.
वास नुकत्याच सारवलेल्या भिंतीचा.
घेणाऱ्या बायका बहुतेक पोटुशा असतात.
मी नव्हते.
मी ते मशीनच्या खणात
बॉबिनांच्या मागे लपवायचे.

दुकान पहिल्या मजल्यावर. पायऱ्या एकोणीस.
आधी कधी मोजल्या नव्हत्या.
मग अकरावीवर थांबू लागले,
खालच्या कुणाशी तरी बोलायला थांबल्यासारखी,
खाली कुणी नसलं तरी.
मशीन बंद असायचं
आणि कानात पायडल चालू.
अंगठ्याच्या नखावर पाण्याचा थेंब पडला
तो ओघळलाच नाही.
नखाचा चमचा झाला होता.
अवुओर हसली. मीही हसले, मग नाही.

आमच्या काळ्या कातडीवर फिकेपणा उमटत नाही.
"छान दिसतेस, बारीक झालीस," म्हणायच्या बायका.
दवाखान्यातल्या न्याबोकेने मात्र
माझी खालची पापणी बोटाने ओढून उलटी केली,
मी कोटाची बाही उलटून बघते तशी,
आणि म्हणाली,
"अस्तर विटलंय, अडोंगो."

"किती दिवस जातं?"
"आठ. कधी दहा."
"कधीपासून?"
"धाकटा झाल्यापासून."
"धाकटा केवढा?"
"सहावीत."
तिने पेन खाली ठेवलं.

आई म्हणायची, बाईला हे असायचंच.
दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेता घेता
माझ्या अंगावरून जे गेलं
ते सगळं मी अंगावरच काढलं.

सहा पूर्णांक आठ. बारा हवं होतं.
एवढ्याशा कापडात
एवढी मोठी बाई कशी बसवली होती मी?

"दगड खातेस?"
मी नाही म्हणाले.
तिने माझ्या दातांकडे पाहिलं.
"रक्त उणं म्हणून दगडाची ओढ लागते,
आणि पोटात जे थोडं लोह जातं
ते हाच दगड अडवून धरतो."
मी मनातल्या मनात ही टीप उसवायला बसले.
सुरुवातीचं टोक सापडेना.
"आणि जेवणावर चहा?"
"चहाशिवाय जेवण कसलं?"
"दोन तास थांबायचं."

लोखंडाचे चणे खाणं म्हणजे काय ते आता कळलं.
रोज एक गोळी, अर्ध्या संत्र्याबरोबर.
तोंडाला किल्लीची चव,
सकाळी काळंकुट्ट, तेही जोर लावून.
ओमेनाचं कालवण, ओसुग्याची भाजी,
आणि कप पुढे आला की "नंतर."
वहिनी अमोंडी म्हणाली,
"आमचा चहा चालत नाही? मोठी झालीस."
तिला काय सांगू?
मोठं व्हायलाच घेतेय गं,
सहा पूर्णांक आठवरून.

सांडलेल्या टाचण्या गोळा करायला
माझ्याकडे लोहचुंबक आहे.
एका संध्याकाळी अवुओरने तो माझ्या दंडाला लावला.
पडला.
मग हळूच स्वतःच्या दंडाला लावला.
तोही पडला.
तिचा चेहरा बघून मी म्हटलं,
"असं कळत नाही गं ते."
पण दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले
आणि न्याबोकेला म्हटलं,
"हिचीही पापणी बघा."

फोटोत गाठ दिसली, लिंबाएवढी.
गळती तिथून होती.
तारीख फेब्रुवारीतली मिळाली आहे.
तोवर भरत राहायचं, गळत राहायचं,
भरणं थोडं जास्त.

आज चौदाव्या पायरीवर थांबले.

दुपारी शाळेच्या स्कर्टची खालची पट्टी आखताना
खडू संपला.
खणात हात घातला, बॉबिनांच्या मागे
एक ओडोवा उरला होता.
निळ्या कापडावर तो ओढला.
रेघ उठली. चांगली उठली.
तिच्यावरून कात्री चालवली,
आणि मग,
खोटं कशाला बोलू,
बोटं चाटली.