चार सेकंद

मिरकरवाड्यातून गाडी भरून निघेपर्यंत रात्रीचे साडेनऊ.
बांगडा, बर्फ, वर ताडपत्री,
मागे खाऱ्या पाण्याची धार, थेट हातखंब्यापर्यंत.
आणि काचेवर, गणपतीच्या शेजारी,
बोराएवढा काळा डोळा.
दोन आहेत खरं तर. एक रस्त्याकडे बघतो,
एक माझ्याकडे.

शेठ म्हणाले, घडशी, तुमच्याच भल्यासाठी आहे.
असेल.
पण लुंगी लावून बसायची तेवीस वर्षांची सवय गेली.
घामोळं खाजवताना हात आखडतो.
बायकोचा फोन थांब्यावर घेतो, तरी बोलतो
परक्या माणसासारखा. हो. बरं. ठेवतो.
ती विचारते, बाजूला कोण बसलंय काय?
कोणी नाही, म्हणतो.

बाजूला मुर्तुजा बसायचा.
मुर्तुजा होडेकर, क्लीनर, अकरा वर्षं.
पालीच्या पुढे माझी मान जरा कलली
की मांडीवर अशी थाप द्यायचा
की घरी गेल्यावर विचारणा व्हायची, लाल कशानं झालं?
शिवाय त्याच्या नानीची भुतं,
एकेक भूत साखरप्यापर्यंत पुरायचं.
घाट लागायच्या आधी उतरून
टॉमीनं चाकं ठोकायचा,
कान देऊन ऐकायचा, वैद्य नाडी बघतो तसा.

त्याच्या पगारात कॅमेरा आला.
असं कोणी बोललं नाही.
पण एकाच महिन्यात एक चढला, एक उतरला.

तो ट्रॉलरवर गेला, खलाशी म्हणून.
पोहता येतं काय रे, मी विचारलं.
म्हणाला, ट्रकवर होतो तेव्हा कुठं उडता येत होतं?

भाद्रपदात वारं फिरलं.
सहा जण गेले होते. पाच आले.

खोटं कशाला बोलू,
दिवाळीत नाणीजच्या वळणावर एक मोटारसायकलवाला
उलट्या बाजूनं येऊन बंपरखाली गेला.
लोकांनी मला खाली ओढलं, शर्ट फाटला.
चौकीत बाहेरच्या डोळ्यानं साक्ष दिली
म्हणून मी दुसऱ्या दिवशी घरी जेवलो.
त्याला हारसुद्धा घातला असता मी.
(त्या पोराचा पाय गेला. ते कुठल्याच डोळ्यात नाही.)
माझं भांडण आतल्याशी.

परवा घाटाखाली आलो.
थांबता येत नाही, दहा मिनिटं झाली की ऑफिस विचारतं.
नुसती गाडी हळू केली,
जिथं तो चाकं ठोकायचा तिथं.
पुढच्या दिव्यात रिकामा रस्ता,
एक कुत्रं, एक मैलाचा दगड.
आणि कॅबमध्ये बाई ओरडली:
चालक, सावधान. चालक, सावधान.

सकाळी मोबाईलवर आलं:
डोळे बंद, चार सेकंद. दंड दोनशे.

मिरजोळ्याच्या ऑफिसात रात्रपाळीला एक पोरगी असते,
प्रणिता शिवगण, आमच्याच संगमेश्वराकडची.
दुपारी तिचा फोन. आवाज दबलेला.
काका, मी व्हिडिओ बघितला. तुम्ही झोपला नव्हतात.
मग लिही की तसं.
तसा रकानाच नाय ओ काका.
झोप आहे, फोन आहे, विडी आहे, पट्टा आहे.
मग जरा थांबून म्हणाली,
घाटात रडू नका.
मशीनला झोप वाटते.

दोनशे रुपये.
तेवढ्यात त्याच्या घरी आठवडाभराचं दूध आलं असतं.

काल पालीच्या पुढे खरंच मान कलली.
बाई ओरडायच्या आत
माझाच डावा हात उठला
आणि मांडीवर सणसणीत बसला.
जाग आली. बाई गप्प. घाट नीट चढलो,
कोल्हापुरात पहाटे माल उतरवला, बर्फ अजून शाबूत.

सकाळी मेसेज:
एक हात स्टिअरिंगवर नाही, एक सेकंद.
ताकीद. या खेपेला पैसे नाहीत.