कारणाचा रकाना

बोगमाळच्या आमच्या ऑफिसात एक ड्रॉवर नीट मिटत नाही.
अर्ध्यावर राहिलेल्यांचे फॉर्म त्यात.
वर फोटो, खाली सही, मधे चौकोन:
तलाव एक, तलाव दोन, समुद्र एक, समुद्र दोन,
आणि कुठल्यातरी चौकोनापासून पुढे सगळं कोरं.
अगदी तळाला रकाना: कारण.
तो मी भरायचा असतो.

सगळ्यात जास्त वेळा मी 'कान' लिहिलंय.
कानाला कुणी नावं ठेवत नाही.
तीन-चार मीटरवर पडदा दुखायला लागतो,
नाक दाबून फुंकायचं, नाहीच सुटला तर वर यायचं.
पण 'कान' लिहिलेल्यांतले कितीतरी
कानाने ठणठणीत होते.
सकाळी साडेसहाला कायतानची होडी लागली
तेव्हा ते खोलीचं दार आतून ऐकत बसले होते.

निपाणीच्या तेरदाळकर बाई, शाळेतून निवृत्त.
मासा दिसला की हसायच्या.
हसलं की गालाला चुणी पडते,
चुणीतून मास्कमध्ये समुद्र.
मी पाटीवर लिहून दाखवलं: हसू नका.
ते वाचून इतक्या हसल्या
की दोघींना वर यावं लागलं.
दोन बुड्या झाल्यावर म्हणाल्या, पुरे गं, झालं माझं.
मी 'वैयक्तिक' लिहिलं.

आणि काळुगडे. रणधीर काळुगडे, कवठे महांकाळ.
विहिरीत उड्या मारून शिकलेला, दमाचा,
फक्त मिशी.
मिशीत रबर बसत नाही, थेंब थेंब आत येतं.
आम्ही व्हॅसलीन चोपडलं, पट्टा आवळला,
तरी तिसऱ्या बुडीला नाकापर्यंत पाणी.
म्हटलं, वरच्या ओठाजवळ बोटभर काढ, बास.
तो टॉवेलने तोंड पुसत म्हणाला,
मॅडम, आमच्यात मिशी बाप गेल्यावर उतरवतात.
उरलेले पैसे मागितले नाहीत.
कायतान आठवडाभर हसत होता.
मी लिहिलं: मिशी. मग खोडलं.
मग पुन्हा तेच लिहिलं.

पुढच्या डिसेंबरात एक माणूस दारात उभा.
मी ओळखलं नाही.
वरचा ओठ कोवळा, उन्हाची सवय नसलेला.
म्हणाला, एकच राहिलीय ना माझी?
मी फॉर्म शोधायच्या निमित्ताने
बराच वेळ ड्रॉवरमध्ये बघत राहिले.

ग्रांद बेटाच्या आडोशाला पाणी त्या दिवशी बरं होतं,
सहा-सात मीटर दिसत होतं.
मास्क बसला. एक थेंब नाही.
दोरीला धरून आम्ही तळाला गुडघे टेकले.
मी विचारलं, बोटांचा गोल करून: ठीक?
त्याने अंगठा वर केला.

जमिनीवर अंगठा म्हणजे छान, फक्कड.
पाण्याखाली अंगठा म्हणजे वर जाऊ या.
हे पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही,
आणि पहिल्या दिवशी सगळे चुकतात.
मी पुन्हा गोल केला. त्याने पुन्हा अंगठा.
तेव्हा काचेतून पाहिलं.
मास्क डोळ्यांच्या खालच्या कडेपर्यंत भरला होता,
रबर मात्र सगळीकडून घट्ट होतं.

मास्कमधलं पाणी काढायची एक पद्धत असते:
वरची कड दाबायची, मान मागे, नाकाने हळू फुंकायचं.
त्याला ती उत्तम येत होती.
मी खूण केली नाही.
सावकाश वर आलो, पाच मीटरवर थांबलो तीन मिनिटं,
तो दोरीकडे बघत, मी घड्याळाकडे.

होडीत तो काहीच बोलला नाही.
कायतानने त्याला उकडा भात आणि सुंगटांचं हुमण वाढलं,
त्याने ताट स्वच्छ केलं,
धुऊन ठेवलं,
आणि सवयीने वरच्या ओठावर दोन बोटं फिरवली.

फॉर्म अजून टेबलावर आहे.
चौथा चौकोन कोरा, रकाना कोरा.
संध्याकाळी कायतानने टाकी उचलून काटा वाचला:
एकशे चाळीस.
आजून वारें आसा गो हांतूंत, म्हणाला,
सोडून देऊ,
की ह्याच्यावरच भरू?